उत्तर पूर्ण वाक्यात

फ्रांका डिर्नबेर्गरचा पेपर हातात आला तेव्हा कागेररबाई जवळजवळ झोपेतच तपासत होत्या. बरोबर, चूक, अर्धा मार्क, शून्य. चौथीची गणितं तपासायला जागं राहावं लागत नाही, असं त्यांचं जुनं मत होतं. आणि मग शाब्दिक गणितांच्या पानावर, पहिल्या गणिताखाली, उत्तराच्या ओळीवर त्यांना दिसलं: ‘उत्तर : वर दिसतंय. डोळे दिलेत ना देवानं?’ दुसऱ्या गणिताखाली तेच. तिसऱ्याखाली तेच, फक्त अक्षर जरा अधिक सुबक, सवड काढून लिहिल्यासारखं. बाईंना कुणीतरी भर वर्गात कानशिलात द्यावी तसं झालं. कारण ते वाक्य त्यांचं होतं. कितव्या पानावरचं गणित, असं एखाद्या कार्ट्यानं विचारलं की त्या फळ्याकडे बोट करून हेच म्हणायच्या. वर दिसतंय. डोळे दिलेत ना देवानं? पोरं खाली मान घालायची आणि पान उलटायची. इतक्या वर्षांत एकानंही ते वाक्य उचलून परत त्यांच्या अंगावर फेकलं नव्हतं. त्यांनी शिक्षकखोलीत इकडेतिकडे पाहिलं. पलीकडे श्टेफी नावाची नवी शिक्षिका पोरांच्या वह्यांत हसऱ्या सूर्याचे स्टिकर चिकटवत बसली होती. सगळ्यांनाच सूर्य. ज्याचं गणित चुकलंय त्यालाही सूर्य, बिचाऱ्याला वाईट वाटायला नको म्हणून. बाईंनी तीनही उत्तरांवर लाल रेघ मारली, तीनदा शून्य लिहिलं आणि पेपर गठ्ठ्यात खाली घातला.

नियम सरळ होता. शाब्दिक गणिताला तीन ओळी: प्रश्न, गणित, उत्तर. उत्तर पूर्ण वाक्यात. नुसता आकडा लिहिला तर अर्धा मार्क गेला. बव्हेरियात हा नियम प्रत्येक पोराला कळायला लागल्यापासून माहीत असतो, जसं जेवताना कोपर टेबलावर ठेवायचं नाही हे माहीत असतं. कुंपण किती लागेल? ‘कुंपण अडतीस मीटर लागेल.’ सफरचंदाचा रस किती? ‘एकूण साडेचार लिटर रस आहे.’ ह्याला अक्कल लागत नाही, फक्त आज्ञाधारकपणा लागतो, आणि म्हणूनच बाईंचा ह्या नियमावर मनापासून विश्वास होता, निदान आत्तापर्यंत होता. पण ह्या वेळी त्या अर्ध्या-अर्ध्या मार्कांना भलतंच वजन होतं. मे महिना उजाडला होता, दाखले लिहायचे होते. जर्मन, गणित आणि परिसर, तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढायची. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे गाळ. सरासरी दोन पूर्णांक तेहेतीसच्या आत असली की पोर गिमनाझियमला, म्हणजे वरच्या शाळेत, डॉक्टर-वकील होणाऱ्यांच्या. दोन सहासष्ट आली तर मधल्या शाळेत. त्याहूनही घसरली तर खालच्या, आणि खालच्या शाळेचं नाव आया दबक्या आवाजात घेतात, घरात कुणाला कसला रोग असल्यासारखं. फ्रांका नेमकी काठावर होती. ह्या तीन उत्तरांतून निदान एक मार्क मिळाला तर गणितात दोन, गेला तर तीन. दहा वर्षांच्या पोरीनं आपलं सगळं पुढचं शिक्षण त्या ओळीवर ठेवलं होतं आणि वर लिहिलं होतं, डोळे दिलेत ना देवानं.

बाई घरी चालत निघाल्या. इसारच्या काठानं जाणारी वाट त्यांची नेहमीची. नदी बर्फ वितळल्यामुळे हिरवट-राखाडी होऊन फुगली होती आणि काठावर बदकांना पाव घालणाऱ्या आज्या उभ्या होत्या. पाव घालू नका अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच लावलेली होती. त्यांनाही देवानं डोळे दिले होते. बेकरीत शिरल्याबरोबर व्हायचं तेच झालं. रांगेतली कुणाचीतरी आई वळली, चेहरा तुपात घोळवल्यासारखा झाला. “अय्या, कागेररबाई! तुम्ही घ्या ना आधी, मला काही घाई नाही.” एप्रिल-मेमध्ये ह्या गावात बाईंना कधी रांगेत उभं राहावं लागत नसे. जूनमध्ये ह्याच आया नमस्कारसुद्धा गिळत. “आमचा माक्सिमिलियान रोज दोन-दोन सरावपुस्तकं करतोय हो, ईस्टरला आम्ही कुठे गेलोसुद्धा नाही, शिकवणी लावली होती. अपूर्णांक तर इतके आवडतात त्याला!” बाई म्हणाल्या, “हो का.” अपूर्णांक आवडतात! माक्सिमिलियानला पाऊण म्हणजे काय हे अजून समजलं नव्हतं, पण पाऊण लिटरच्या बाटलीचं चित्र काढलेलं गणित तो सरावानं सोडवायचा, सर्कशीतलं कुत्रं टोपी घालतं तसं. सरावपुस्तकं! शहरातल्या प्रत्येक पुस्तकाच्या दुकानात त्यांचा ढीग, मुखपृष्ठावर चष्मा लावलेलं घुबड नाहीतर कोल्हा, ‘वरच्या शाळेत हमखास’. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ह्या लोकांना सांगायचं कुणी? बाईंनी राय धान्याचा पाव घेतला, आधी घेतला, आणि आभार न मानता बाहेर पडल्या.

पण ते वाक्य काही जाईना. राग येत होता हे खरं, आणि त्या रागाखाली काहीतरी दुसरंच होतं, ते कबूल करायला बाई तयार नव्हत्या. त्यांना मजा वाटली होती. सबंध वर्गात एकटी ही पोरगी अशी होती जिला पाऊण म्हणजे काय हे चित्राशिवाय कळत होतं. बाकीची पोरं सहा बाटल्यांचे पाऊण-पाऊण लिटर बोटांवर मोजत. ती खिडकीबाहेर बघत साडेचार म्हणून मोकळी. मग तेच साडेचार खाली वाक्यात गुंडाळून पुन्हा का लिहायचे? काखेत कळसा नि गावाला वळसा. पोरीनं ताडलं होतं की नियम मूर्खांसाठी आहे. आणि बाईंना, खरं सांगायचं तर, हे स्वतःला चाळीस वर्षं माहीत होतं. ती पोरगी त्यांना आवडत नव्हती. कुठलंच पोर आवडत नव्हतं, तो काही त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता. पण शेजारी बसलेल्या वीतुसकडे ती ज्या नजरेनं बघायची ती नजर बाईंच्या ओळखीची होती. वीतुस ओबरहुबर, कसायाचा मुलगा, ढब्बू, डब्यातला ब्रेत्सेल, तो खारा पिळाचा पाव, न विचारता अर्धा तोडून तिच्यापुढे ठेवणारा. ती तो अर्धा ब्रेत्सेल खायची आणि त्याच्याकडे अशी बघायची की, तू आहेस तरी कशाला?

वीतुसचा पेपर आठवून बाईंना चालता चालता हसू आलं. तिसरं गणित सहलीचं होतं. पंचाहत्तर मुलं, सहा मोठी माणसं, एका बसमध्ये तीस जण बसतात, तर किती बस लागतील? एक्याऐंशीला तीसनं भागायचं, भाग दोन, बाकी एकवीस. वीतुसनं भाग काढला होता दोन आणि बाकी एकतीस. एकतीस! भाजकापेक्षा बाकी मोठी! चार वर्षं शिकवलं, गाढवापुढे वाचली गीता. आणि खाली उत्तराच्या ओळीवर, गोल गोल, जीभ बाहेर काढून लिहिलेल्या अक्षरात: ‘तीन बस लागतील, म्हणजे कुणी मागे राहणार नाही.’ गणित चुकलं की उत्तरालाही मार्क नाही, त्यामुळे शून्य. बाईंनी ते वाक्य सकाळी शिक्षकखोलीत त्याच्या लोळत्या आवाजात वाचून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. श्टेफीसुद्धा, आधी ‘अगंबाई बिचारा’ म्हणून, मग हसली होती.

घरी गेल्यावर त्यांनी पावाला लोणी लावलं, मुळ्याच्या चकत्या कापल्या, मीठ टाकलं, आणि बसल्या तर समोर लहानपणीचं, प्लाटलिंगच्या घरातलं जेवणाचं टेबल. असं अलीकडे फार व्हायचं. वडील रेल्वेत, सिग्नलच्या केबिनमध्ये. घरी आले की त्यांच्या टोपीला तेलाचा वास. सूप वाढलं की तोंडी गणितं सुरू. प्लाटलिंगहून गाडी सुटली, इतक्या वेगानं चालली, पासाउला किती वाजता पोचेल? आधी गेरलिंडेला, म्हणजे बाईंना, मग आलोइसला. आलोइस तिचा धाकटा भाऊ. त्याला उत्तर यायचं नाही, तो चमचा बशीवर फिरवत राहायचा, आणि वडील म्हणायचे, “समोर आहे सगळं. डोळे दिलेत ना देवानं?” म्हणजे ते वाक्य तिचंही नव्हतंच. फ्रांकाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, वाक्य आपलं हातोहात पुढे सरकत आलं होतं, जुन्या ओव्हरकोटासारखं. मग एके वर्षी आलोइस खालच्या शाळेत गेला. त्या दिवशी सूप वाढलं गेलं, वडिलांनी गेरलिंडेला गणित घातलं, तिनं सोडवलं, आणि वडिलांनी लगेच तिलाच दुसरं घातलं. आलोइसनं चमचा हातात धरून वर पाहिलं होतं. तो वाट बघत होता. दुसऱ्या दिवशीही त्यानं पाहिलं. मग बघायचा थांबला आणि सूप प्यायला लागला. आई मध्येच म्हणाली, “त्यालाही विचारा की हो एखादं, सोपंसं,” तेव्हा वडील म्हणाले, “सगळ्यांना जागा नसते, क्रेसेन्त्स.” गेरलिंडेला तेव्हा काय वाटलं होतं? बरं वाटलं होतं. दोन्ही गणितं तिची. आलोइस आता प्लाटलिंगला बिअरचं दुकान चालवत होता, लठ्ठ आणि आनंदी, दर नाताळला ताईला एक क्रेट पाठवायचा, वर चिठ्ठी: ‘तुझ्या तब्येतीला!’ क्रेट तळघरात तसाच पडून राहायचा. इतकं खूश राहायला डोकं रिकामंच लागतं, असं बाई म्हणत. स्वतःशीच म्हणत, कारण दुसरं कुणी घरात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या भेटीची वेळ होती, आणि फ्रांकाची आई पोरीला हाताला धरून आली. झिल्के डिर्नबेर्गर, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, नीटनेटकी, घाबरलेली. बाईंनी मनातल्या मनात सगळी तयारी केली होती. पालक दोन जातींचे असतात: एक वकिलाचं नाव काढणारे, दुसरे डोळ्यांत पाणी आणणारे. दोघांनाही काय सांगायचं ते ठरलेलं होतं. ही दुसऱ्या जातीची निघाली.

“बाई, काय तोंड दाखवू तुम्हाला! काय लिहिलं ते हिनं घरी सांगितलं, तेव्हा मला असं झालं की जमीन दुभंगावी. घरी नाहीये हो ती अशी. फ्रांका, बोल. काय ठरलं होतं आपलं?”

“सॉरी,” फ्रांका म्हणाली. खिडकीकडे बघून.

“कशाबद्दल सॉरी, ते सांग ना बाईंना. पूर्ण वाक्यात.”

“उत्तराच्या जागी उद्धटपणा केला त्याबद्दल सॉरी.” मग तिनं बाईंकडे पाहिलं. “पण ते वर होतंच.”

“फ्रांका!”

“असू दे,” बाई म्हणाल्या. आणि त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्यांनी काल रात्रीच मनाशी ठरवून टाकलं होतं बहुतेक. पोरगी बरोबर होती. उद्धट होती, पण बरोबर होती, आणि माक्सिमिलियान वरच्या शाळेत टोपी घालून दाखवणार असेल तर हिला त्या बावळट वाक्यांपायी अडवणं म्हणजे मूर्खपणाच्या बाजूनं उभं राहणं. ते बाईंना ह्या वयात जमणार नव्हतं. त्यांनी पेपर काढला. कुंपण: वर अडतीस मीटर, स्वच्छ, अधोरेखित. खरंच वर दिसत होतं. त्यांनी लाल शून्य खोडून अर्धा मार्क लिहिला. रस: साडेचार लिटर. अर्धा मार्क. झाला एक. तेवढाच हवा होता. आता तिसरंही, उगाच अर्धवट कशाला, म्हणून त्यांनी पेन खाली नेला आणि वर पाहिलं, आणि वर लिहिलं होतं: दोन, बाकी एकवीस.

उत्तर वर नव्हतं. भागाकार बरोबर होता, त्याचे मार्क त्यांनी दिलेही होते, पण किती बस लागतील ते वर कुठेच नव्हतं, आणि काल, आणि काल संध्याकाळभर, त्यांना ते दिसलं नव्हतं. गणित त्यांनीच घातलेलं. रागात दिसलं नाही, आणि मग मजा वाटली त्यातही दिसलं नाही. देवानं डोळे दिले होते.

“फ्रांका,” त्या म्हणाल्या, “हे सहलीचं. किती बस लागतील?”

“दोन.”

“आणि हे एकवीस जण?”

“ते नाही जाणार.”

आई ओशाळवाणं हसली. “अगं असं कसं, नीट वाच की, राणी. तिसरी बस लागेल ना.”

“कशाला?” फ्रांका आईकडे न बघताच म्हणाली. बाईंशीच बोलत होती ती, दोन शहाणी माणसं बोलतात तसं. “तिसरी भरणारच नाही पूर्ण. आणि सगळ्यांना जागा नसते. तुम्हीच म्हणता, बाई.”

म्हणत असत खऱ्या. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, जेव्हा जेव्हा दाखल्यांचा विषय निघे. रडवेल्या पोरांना उगाच आशा लावण्यापेक्षा बरं, अशा हिशेबानं म्हणत. सगळ्यांना जागा नसते, मुलांनो, लवकर कळलेलं बरं. वर्ग ऐकून घ्यायचा. बाईंना वाटायचं, एका कानानं ऐकतात नि दुसऱ्यानं सोडून देतात. पण नाही, कुणीतरी मन लावून शिकत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शिकवलेलं काहीतरी संपूर्ण, जसंच्या तसं, कुणाला तरी आलं होतं. पोरीचा चेहरा शांत होता, हनुवटी किंचित वर. अशीच हनुवटी प्लाटलिंगच्या टेबलावर सुपाच्या वाफेतून दोन्ही गणितं सोडवत बसली होती. बाईंना किळस आली म्हणायला हवं, पण कुणाची, ते त्यांना लगेच ठरवता येईना.

“मी आहे ना बसमध्ये?” फ्रांकानं विचारलं.

आवाज पहिल्यांदाच दहा वर्षांचा झाला होता. आईनं तिचा खांदा धरला. बाईंना सांगता आलं असतं की दाखला मिळेल तेव्हा कळेल. नियम तसाच होता. त्या म्हणाल्या, “हो. तू बसमध्ये आहेस.” पूर्ण वाक्यात.

“अगंबाई,” आई म्हणाली आणि खरंच रडायला लागली, पर्समध्ये रुमाल शोधू लागली, देव तुमचं भलं करो, तुम्हाला कल्पना नाही बाई, असलं काहीबाही. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या फ्रांकाकडे बघत होत्या. वाट बघत होत्या. पोरगी आता विचारेल. विचारायला काय हरकत होती, एकच तर प्रश्न होता, आणि तो इतका समोर होता. चार वर्षं शेजारी बसलेला तो ढब्बू, रोजचा अर्धा ब्रेत्सेल. ‘आणि वीतुस?’ एवढंच. विचार ना गं, कार्टे. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मग बरं आहे,” फ्रांका म्हणाली. तिनं दप्तर पाठीला लावलं. “चल ना आई, भूक लागलीय मला.”

दार लागलं. बाहेर जिन्यावर आईचं बोलणं लांब जात गेलं. तिसऱ्या गणिताचं शून्य बाईंनी तसंच ठेवलं. त्यानं फ्रांकाचं काही बिघडणार नव्हतं. मग गठ्ठा पुढे ओढून त्यांनी वीतुस ओबरहुबरचा पेपर शोधला. पानावर लोण्याचा डाग होता. भाग दोन, बाकी एकतीस, आणि तिच्याभोवती काल त्यांनी इतक्या जोरात काढलेलं लाल वर्तुळ की कागद फाटायला आला होता. त्याखाली ते वाक्य. त्यांनी ते पुन्हा वाचलं, ह्या वेळी त्याच्या आवाजात नाही, आणि शेजारी अर्धा मार्क लिहिला. नियमात बसत नव्हतं. वीतुसची गणितातली श्रेणी पाच होती आणि पाचच राहणार होती. अर्ध्या मार्कानं तो खालच्या शाळेतून एक पायरीही वर येणार नव्हता. तरी त्यांनी आकडा पुन्हा एकदा गिरवला, त्याला सहज दिसेल इतका ठळक.